पट मांडा: नवकंकरी, वाघ-बकरी आणि कवड्यांचे डाव घरच्या घरी

मोबाइलवरचा लुडो आणि सतरंजीवरचा पट यांच्या नियमांत फारसं अंतर नाही. लुडो म्हणजे आपल्या पच्चीसीचंच, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोपं करून घेतलेलं रूप. खरं अंतर आहे ते डाव संपण्यात. पटावर शेवटची सोंगटी घरात गेली की कवड्या पिशवीत जातात, कुणीतरी जांभई देतं आणि माणसं उठतात. अ‍ॅपमध्ये डाव संपला की लगेच बक्षीस, मग जाहिरात, मग ‘पुन्हा खेळा’चं बटण. तुम्ही उठू नये, याचसाठी ते बांधलेलं असतं. शिवाय पटाच्या पलीकडे माणूस बसलेला असतो. तो विचार करतो, चिडतो, चहाचा घोट घेतो, आणि आपल्याला थांबावं लागतं. पाळीसाठी थांबायची ही सवय लहान मुलांना नसते, हल्ली मोठ्यांनाही नसते.

पट नुसता विकत आणून हे घडत नाही. पुष्कळ घरांत माळ्यावर महागडे खेळ धूळ खात पडलेले असतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. पहिल्या दिवशी एक जण नियमांची पुस्तिका वाचत बसला, बाकीचे ताटकळले, पाऊण तासाने डाव सुरू झाला तोवर निम्म्यांच्या हातात फोन आला होता. म्हणून सुरुवात अशा खेळाने करावी ज्याचे नियम पाच मिनिटांत तोंडी सांगता येतात, डाव अर्ध्या तासात आटोपतो आणि एखादी सोंगटी हरवली तर तिच्या जागी बटण चालतं. आपल्याकडे असे खेळ मुबलक आहेत. किल्ल्यांच्या पायऱ्यांवर, लेण्यांच्या ओट्यांवर आणि देवळांच्या फरश्यांवर कोरलेले त्यांचे पट आजही दिसतात. पुढे त्यांतले चार खेळ घेतले आहेत, सोप्याकडून वेळखाऊकडे. हे खेळ जुने असल्याने प्रत्येकाचे नियम गावागणिक थोडे बदलतात. तुमच्या आजीचा नियम वेगळा असेल तर बेलाशक तिचाच धरा.

साहित्य

चारही खेळांना मिळून एवढं पुरतं: ३० × ३० सेंटिमीटरचे जाड पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे तीन तुकडे, ६५ × ६५ सेंटिमीटर मांजरपाट, मोजपट्टी, पेन्सिल, काळं मार्कर, कापडावर न पसरणारं फॅब्रिक पेन, दहा-बारा कवड्या आणि सोंगट्या.

सोंगट्यांसाठी वेगळा खर्च नको. दोन रंगांची शर्टाची बटणं, चिंचोके, गुंजा, राजमा, बाटल्यांची झाकणं, काहीही चालेल. नवकंकरीसाठी ९ आणि ९, वाघ-बकरीसाठी ४ मोठ्या आणि २० लहान, कवड्यांच्या खेळांसाठी चार रंगांच्या चार-चार. प्रत्येक रंगाच्या दोन जास्तीच्या ठेवा. सोफ्याखाली एखादी जाणारच. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर मात्र चिंचोके, कवड्या आणि बटणं यांतलं काहीही त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतं. गुंजा तर विषारी असतात, त्या अशा घरात आणूच नयेत. अशा वेळी बाटल्यांची मोठी झाकणं बरी.

कवड्या पूजासाहित्याच्या दुकानात मिळतात. घेताना एकसारख्या आकाराच्या निवडा, साधारण दीड ते दोन सेंटिमीटरच्या, आणि घरी आल्यावर त्यांची परीक्षा घ्या. कवडी नाण्यासारखी समतोल नसते. पाठ फुगीर असेल तर ती डुलत राहते, एका बाजूला जड असेल तर सतत तशीच पडते. प्रत्येक कवडी जाड कापडावर ५० वेळा टाका आणि किती वेळा उताणी पडली, म्हणजे तिची चीर वर आली, ते मोजा. १५पेक्षा कमी किंवा ३५पेक्षा जास्त वेळा उताणी पडणारी कवडी बाजूला काढा. हे काम मुलांना द्यावं. पन्नास खुणा कागदावर मारायला त्यांना आवडतं, आणि ‘दान’ म्हणजे नशीबच असतं असं नाही, हेही कळतं.

कवड्या नाही मिळाल्या तर चिंचोके घ्या. चिंचोक्याची एक चपटी बाजू खडबडीत दगडावर किंवा ६० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासली की तपकिरी साल जाऊन पांढरट गर दिसतो. पांढरी बाजू वर आली की उताणी धरायची.

नवकंकरी: पुठ्ठा, पेन्सिल आणि पंधरा मिनिटं

पुठ्ठ्यावर कडेने ३ सेंटिमीटर समास सोडून २४ सेंटिमीटरचा चौरस काढा. त्याच्या आत, सगळ्या बाजूंनी ४ सेंटिमीटर सोडून, १६ सेंटिमीटरचा दुसरा, आणि त्याच्या आत तसाच ८ सेंटिमीटरचा तिसरा. आता प्रत्येक बाजूचा मध्य धरून बाहेरच्या चौरसापासून आतल्या चौरसापर्यंत एक सरळ रेघ ओढा. अशा चार रेघा होतात. सगळ्यात आतला चौरस रिकामाच राहतो, तिथे रेघ नेऊ नका. ही चूक हमखास होते. कोपरे आणि रेघा मिळण्याच्या जागा मोजा, बरोबर २४ भरल्या पाहिजेत. बिंदूंमध्ये ४ सेंटिमीटर अंतर आहे, तेव्हा सोंगटी ३ सेंटिमीटरपेक्षा लहान हवी.

खेळ दोघांचा, प्रत्येकाकडे ९ सोंगट्या. आधी पाळीपाळीने एक-एक सोंगटी रिकाम्या बिंदूवर ठेवायची. एका सरळ रेघेवर आपल्या तीन सोंगट्या ओळीने आल्या की तिकडी झाली, आणि समोरच्याची एक सोंगटी पटावरून उचलायची. त्याच्या तिकडीतली सोंगटी उचलता येत नाही, मात्र त्याच्या सगळ्याच सोंगट्या तिकड्यांत असतील तर चालते. अठराच्या अठरा सोंगट्या ठेवून झाल्या की चाली सुरू: पाळीला एक सोंगटी रेघेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायची. ज्याच्याकडे तीनच सोंगट्या उरल्या तो कुठूनही कुठेही उडी मारू शकतो. दोनच उरल्या, किंवा सरकायला जागाच राहिली नाही, की हार.

नवशिक्याचा हात कोपऱ्यांकडे जातो, कारण तिकडी तिथे डोळ्यांना लगेच दिसते. पण कोपऱ्यातल्या सोंगटीला सरकायला दोनच वाटा असतात. मधल्या चौरसाच्या बाजूंच्या मध्यावरचे जे चार बिंदू आहेत त्यांना चार-चार वाटा आहेत, आणि पटावरच्या इतर कुठल्याही बिंदूला तेवढ्या नाहीत. पहिल्या चार-पाच सोंगट्या ठेवताना यांतले निदान दोन बळकवा. घाईने दोन तिकड्या करून बाकीच्या सोंगट्या कोपऱ्यांत कोंडून घेणारा खेळाडू ठेवण्याच्या टप्प्यात जिंकतो आणि सरकवण्याच्या टप्प्यात हरतो. याहून पुढची युक्ती म्हणजे पाच सोंगट्या अशा मांडायच्या की एक सोंगटी मागे-पुढे सरकवली की एक तिकडी मोडते आणि दुसरी जुळते. मग प्रत्येक चालीला समोरच्याची एक सोंगटी जाते. हे साधलं की डाव बहुधा खिशात.

एक गोष्ट आधी ठरवा: तिकडीतून सोंगटी बाहेर काढून लगेच पुढच्या चालीला परत आत आणली तर ती नवी तिकडी धरायची का? बहुतेक घरांत धरतात. दोघेही जमून खेळत असतील तर डाव लांबत जातो, तेव्हा सलग २० चालींत एकही सोंगटी उचलली गेली नाही तर बरोबरी, असं ठरवून टाका. राल्फ गासर यांनी १९९३ साली संगणकाने सिद्ध केलं की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर या खेळात कुणीच हरत नाही. आपल्यापैकी कुणी अचूक खेळत नाही, म्हणून मजा.

वाघ-बकरी: मुलांसाठी सगळ्यांत आधी हाच

एकच खेळ शिकवायचा असेल तर हा. यात दोन्ही बाजू सारख्या नसतात. एकाकडे ४ वाघ, दुसऱ्याकडे २० बकऱ्या. वाघाला खायचं असतं, बकऱ्यांना वाघ कोंडायचा असतो. तमिळनाडूत हाच खेळ त्रिकोणी पटावर ३ वाघ आणि १५ बकऱ्यांचा असतो. इथे दिलेला २५ बिंदूंचा पट नेपाळमध्येही बाघचाल म्हणून घरोघरी आहे.

पट असा आखा. २४ सेंटिमीटरचा चौरस. दर ६ सेंटिमीटरवर आडवी रेघ आणि उभी रेघ, कडा धरून पाच आडव्या, पाच उभ्या. रेघा जिथे छेदतात ते २५ बिंदू. आता तिरक्या रेघा: कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन, आणि चारही बाजूंचे मध्य एकमेकांना जोडणाऱ्या चार, ज्यांचा शंकरपाळ्यासारखा आकार होतो. एकूण तिरक्या रेघा सहाच. प्रत्येक खान्यात फुली मारून टाकली तर पट चुकतो आणि वाघ फार बलाढ्य होतो.

चार वाघ चार कोपऱ्यांत. पहिली पाळी बकरीवाल्याची. तो एका रिकाम्या बिंदूवर एक बकरी ठेवतो, मग वाघवाला कुठलाही एक वाघ रेघेवरून शेजारच्या बिंदूवर हलवतो. विसाच्या वीस बकऱ्या पटावर येईपर्यंत एकही बकरी हलत नाही. नंतर त्याही एक-एक घर चालू लागतात. वाघाच्या अगदी शेजारी बकरी असेल आणि तिच्या पलीकडचा, त्याच सरळ रेघेवरचा बिंदू रिकामा असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो. एका पाळीत एकच उडी. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. चारही वाघांना कुठेच हलता येईना, की बकऱ्या जिंकल्या.

बकऱ्या खेळायला अवघड. पहिल्या बकरीसाठी २१ बिंदू रिकामे असतात, पण त्यांतल्या १२ ठिकाणी ठेवलेली बकरी वाघ पहिल्याच चालीत खातो. ही १२ ठिकाणं म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला लागून असलेले तीन-तीन बिंदू. मुलांना हे सांगू नका, त्यांना एकदा बकरी गमावू द्या, मग ती स्वतःच पट न्याहाळायला लागतात. त्यानंतर तीन गोष्टी दाखवून द्या, एका डावाला एक:

१. कडेवरच्या बकरीला वाघ फक्त कडेच्या रेघेवरूनच खाऊ शकतो, कारण बाकी रेघांना तिच्या पलीकडे बिंदूच नसतो. म्हणून पहिली बकरी एखाद्या बाजूच्या मध्यावर ठेवावी.

२. कोपरा रिकामा झाला आणि तिथे बकरी बसली, तर ती कधीच खाल्ली जात नाही.

३. एकटी बकरी मरते, पाठीला पाठ लावून असलेली जगते. कडेच्या मध्यावर बकरी आहे आणि वाघ तिच्या शेजारी आला, तर लगेच तिच्या पलीकडच्या बिंदूवर दुसरी बकरी ठेवा. वाघाला उडी टाकायला जागाच उरत नाही.

कडा भरत आत सरकत जायचं, हा बकऱ्यांचा सारा डाव. वाघवाल्याने नेमकं उलट करायचं: मधला बिंदू आणि त्याच्या आसपासची जागा सोडायची नाही, आणि एकाही वाघाला कोपऱ्यात परत पाठवायचं नाही. कोपऱ्यात गेलेला वाघ शेजारच्या तीन बकऱ्यांमुळे आणि त्यांच्या पाठीमागे उभ्या तीन बकऱ्यांमुळे कायमचा कोंडला जातो.

सात-आठ वर्षांच्या मुलाला आधी वाघ द्यावा. त्याला शिकार दिसते, खाता येतं, रस टिकतो. चार-पाच डावांनंतर बाजू बदला. मोठ्या माणसाने मुद्दाम हरू नये. मुलांना ते पटकन कळतं आणि मग त्यांच्या खऱ्या जिंकण्यालाही किंमत राहत नाही. त्यापेक्षा नियमातच सूट द्या: मोठा माणूस वाघ घेईल तेव्हा पाचऐवजी सात बकऱ्या खाल्ल्याशिवाय त्याची जीत नाही, किंवा मोठा बकऱ्या घेईल तेव्हा तीन खाल्ल्या की वाघ जिंकला. सूट उघड असली की हरणाऱ्याचा आणि जिंकणाऱ्याचा, दोघांचाही मान राहतो.

अष्टाचंगा: चार जण, चार कवड्या

तिसऱ्या पुठ्ठ्यावर ३० सेंटिमीटरचा चौरस, त्यात ६ सेंटिमीटरची ५ × ५ घरं. चारही कडांच्या मधल्या घरात आणि पटाच्या अगदी मधल्या घरात फुली मारा. खेळणारे चार बाजूंना बसतात. आपल्या पुढ्यातलं फुलीचं घर ते आपलं. चारही सोंगट्या तिथे ठेवून सुरुवात.

दान चार कवड्यांचं. एक उताणी तर १, दोन तर २, तीन तर ३, चारही उताण्या तर ४, आणि सगळ्या पालथ्या तर ८. चार किंवा आठ पडले की आणखी एकदा टाकायचं.

वाट चुकते ती इथेच, म्हणून पहिल्यांदा बोटाने फिरवून दाखवा. आपल्या घरातून उजवीकडे निघायचं, कडेकडेने घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण फिरायचं. १५ घरं चालून आपल्या घराच्या लगेच डावीकडच्या घरात पोहोचलो की तिथून आत वळायचं. आतली आठ घरं आता घड्याळाच्या दिशेने फिरायची आणि शेवटी मधल्या फुलीत शिरायचं. एकूण २४ घरं. मधल्या घरात जायला दान नेमकं पडावं लागतं.

दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली गेली की ती मेली, पुन्हा तिच्या घरून सुरुवात. मारणाऱ्याला एक जास्तीचं दान. फुलीच्या घरात कुणी कुणाला मारत नाही. बहुतेक ठिकाणी असलेला आणि खेळाला खरी धार आणणारा नियम: आपण निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही. हा नियम काढला तर खेळ नुसत्या नशिबाचा होतो. ठेवला तर लहान मुलगीही विचार करते की पळावं की दबा धरून बसावं. अगदी लहानांसोबत पहिले दोन दिवस तो बाजूला ठेवायला हरकत नाही.

कवड्या समतोल धरल्या तर एका दानाची सरासरी अडीच घरं पडते. चार सोंगट्यांची ९६ घरं व्हायला प्रत्येकाला अडतीसएक दानं लागतात. चौघं आणि एका दानाला १५ सेकंद धरले, तर चाळीस मिनिटं. शाळेच्या दिवशी हे जास्त होतं. तेव्हा दोन-दोन सोंगट्यांनी खेळा, डाव वीस मिनिटांत आटोपतो.

पच्चीसी: सुट्टीच्या दिवसासाठी

फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात अकबराच्या काळचा फरशीवरचा पच्चीसीचा भव्य पट आहे. वेरूळच्या २१व्या आणि २९व्या लेण्यांत शिव-पार्वतींचा द्यूताचा डाव कोरलेला आहे. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यामुळे खंडोबाला घर सोडून बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला जावं लागलं, अशी लोककथा. खेळ जुना, आणि हरल्यावरची धुसफुसही तितकीच जुनी.

मांजरपाट आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं कापड आखून मग धुतलं तर आक्रसतं आणि घरं वाकडी होतात. मधोमध ९ सेंटिमीटरचा चौरस काढा. त्याच्या चारही बाजूंना एक-एक पट्टा: रुंदीला ३ घरं, लांबीला ८ घरं, प्रत्येक घर ३ × ३ सेंटिमीटर. पटाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ५७ सेंटिमीटर होते, कडेला दुमडायला ४ सेंटिमीटर उरतात. प्रत्येक पट्ट्यात तीन फुल्या: मधल्या ओळीच्या टोकाच्या घरात एक, आणि दोन्ही कडेच्या ओळींत बाहेरून चौथ्या घरात एक-एक. या घरांत सोंगटी मारता येत नाही.

समोरासमोर बसलेले दोघं भिडू. प्रत्येकाच्या चार सोंगट्या मधल्या चौरसातून निघतात, आपल्या पट्ट्याच्या मधल्या ओळीने ८ घरं खाली, मग बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट ६८ घरांची प्रदक्षिणा, आणि पुन्हा मधल्या ओळीने वर चौरसात. सगळी मिळून ८४ घरांची वाट.

सहा कवड्यांचं दान: दोन ते सहा उताण्या तर तितकीच घरं, एकच उताणी तर १०, सगळ्या पालथ्या तर २५. नाव तिथूनच. ६, १० आणि २५ वर पुन्हा टाकायचं.

आता हिशेब करा. एका दानाची सरासरी जेमतेम सव्वाचार घरं. चार सोंगट्यांची ३३६ घरं म्हणजे माणशी ऐंशीच्या आसपास दानं, चौघांची सव्वातीनशे. सोंगट्या न मरताही सव्वा तास, मेल्या तर दोन. पूर्वी दुपारभर पट मांडलेला असायचा तो यामुळेच, आणि आज कंटाळून अर्ध्यावर पट उधळला जातो तोही यामुळेच. दोन-दोन सोंगट्या घेतल्या की चाळीस मिनिटांत उरकतो. दान हवं ते पडल्याशिवाय सोंगटी पटावर येत नाही, असा नियम काही घरांत आहे. सुरुवातीला तो नको. पहिली पंधरा मिनिटं नुसतं बसून राहिलेलं मूल पुन्हा येत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत: घरं कशी मोजायची

अजून वाघ-बकरी जमत नाही अशा वयात आकडे लिहिलेला सरळ पट घ्यावा, म्हणजे सापशिडी किंवा तिच्या पहिल्या दोन ओळी. गीता रामाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली अमेरिकेत केलेल्या अभ्यासात मुलांना एका सरळ ओळीतला १ ते १० आकड्यांचा पट दिला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठकींत मुलांची संख्यांची समज सुधारली. रंगीत घरांच्या, आकडे नसलेल्या पटावर तसं झालं नाही.

पुढच्या अभ्यासातून आणखी एक बारकावा पुढे आला. सोंगटी १४वर आहे आणि ३ पडले, तर मुलं ‘एक, दोन, तीन’ मोजत पुढे जातात. त्याऐवजी घरावरचा आकडा म्हणायला लावा: ‘पंधरा, सोळा, सतरा’. फायदा होतो तो याच मोजणीने. मराठीत एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे आकडे मुलांना अडतात, आणि सापशिडीवर नेमके ते वारंवार येतात. घाई न करता त्यांना शोधू द्या. आपण पटकन सोंगटी उचलून पुढे ठेवली, तर खेळ सुटसुटीत होतो आणि शिकणं निसटतं.

पट मांडायची वेळ आणि हमखास बिघडणाऱ्या गोष्टी

जेवण झाल्यावर ताटं उचलली जातात आणि कुणी सोफ्याकडे वळत नाही, तो पाच मिनिटांचा वेळ पकडायचा. एकदा माणूस फोन घेऊन आडवा झाला की उठवणं अवघड. म्हणून पट कपाटात नसावा. जेवणाच्या जागेजवळ, खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत किंवा टीपॉयखाली असावा. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस पुरे. रोजचा आग्रह धरला की तो अभ्यासासारखा होतो.

फोन एका डब्यात, डबा दुसऱ्या खोलीत. चार्जरही तिथेच. मुलांचे फोन काढून घेऊन मोठ्यांचे खिशात राहिले तर पट टिकत नाही. डाव मोडण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा ऑफिसच्या ग्रुपवर ‘एकच मिनिट’ म्हणून वाकलेला बाप किंवा आई असते. फोनवर असलेल्या खेळाडूची पाळी पुढे जाते, हा नियम सर्वांना सारखा लावा.

दानावरून भांडणं होतात ती बहुधा तीन कारणांनी. कवडी कलती पडते, तेव्हा फक्त तेवढी कवडी पुन्हा टाकायची. कवडी पटाबाहेर जाते, तेव्हा सगळंच दान पुन्हा. आणि कुणी कवड्या हळूच ठेवतं. यावर उपाय म्हणजे दोन्ही तळहातांत खुळखुळवून वीतभर उंचीवरून टाकणं सक्तीचं. फरशीवर कवड्या लांब उडतात आणि गादीवर नीट लोळत नाहीत, त्यामुळे खाली सतरंजी बरी. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी पट टेबलावर घ्या आणि दान परातीत, पण परातीत आधी पंचा अंथरा, नाहीतर आवाजाने शेजारी येतील. त्यांच्यासाठी पट नव्याने आखणार असाल तर घरं ३ऐवजी साडेतीन सेंटिमीटरची करा, सोंगट्या गडद आणि फिकट अशा ठळक रंगांच्या घ्या; निळी आणि हिरवी रात्रीच्या दिव्यात एकच दिसतात. कापड त्या हिशेबाने किमान ७५ सेंटिमीटरचं लागेल.

नियमांवरून वाद झाला तर डावाच्या मध्ये नियम बदलायचा नाही. डाव ठरल्याप्रमाणे संपवायचा, आणि नवा नियम पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला तारखेसह लिहायचा. दोन-तीन महिन्यांत मागची बाजू भरते. हरलेल्या मुलाने पट उधळला तर रागावण्यात वेळ न घालवता त्यालाच सोंगट्या गोळा करायला लावा, आणि त्या रात्री दुसरा डाव नाही. पुढच्या वेळी त्याला वाघ द्या.

चार जण असूनही दोघांचाच खेळ मांडायचा असेल तर जोड्या करा: मूल आणि आजोबा एकीकडे, बाकी दोघं दुसरीकडे, चाल एकमेकांना विचारून. वाघ-बकरीत हे फार छान जमतं, कारण बकऱ्यांच्या बाजूला कुजबुज करायला भरपूर असतं.

खेळ झाल्यावर कापडाचा पट घडी न घालता गुंडाळून ठेवा. घडीच्या जागी रेघा पुसट होतात. डाग पडला तर साध्या साबणाने हाताने धुवा, ब्लीच नको, आणि इस्त्री उलट्या बाजूने. चिंचोक्यांना किडे लागतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा कडक उन्हात दाखवा आणि कोरड्या डब्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसोबत ठेवा. कवड्यांना काही होत नाही, फक्त पिशवी बांधण्याआधी दर वेळी त्या मोजून घ्या.